पुरात बुडालेली जुनी गाडी: पहिली किक मारण्याआधी

आयर्विन पुलाजवळ कृष्णा ४० फुटांवर गेली की इशारा आणि ४५ फुटांवर गेली की धोका, हे सांगलीत शाळकरी पोरालाही पाठ असतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये नदीने हे दोन्ही आकडे मागे टाकले. अशा वेळी माणसं आणि जनावरं आधी बाहेर काढतात, गाडी राहते दारातच. पाणी ओसरलं की चिखलाने माखलेल्या त्या स्प्लेंडर, सीडी १०० किंवा आरएक्स १०० जवळ जाऊन माणूस पहिल्यांदा काय करतो, तर किक मारून बघतो. नेमकं तेच करायचं नाही.

हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर पिस्टन वर येताना मध्येच अडतो आणि किक दगडासारखी घट्ट लागते. तरीही कुणी तिच्यावर उडी मारली, किंवा गाडी गिअरमध्ये टाकून चौघांनी ढकलली, तर किकचे दाते तुटतात नाहीतर कनेक्टिंग रॉड वाकतो. किक सहज फिरली तरी धोका असतोच. पुराच्या पाण्यात बारीक वाळू असते आणि ती पिस्टन आणि लायनरच्या, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंतीच्या, मध्ये सापडली की उभे ओरखडे पडतात. मग सिलिंडर बोअर करून, म्हणजे आतून कातून, नवा पिस्टन टाकण्यावाचून इलाज राहत नाही. म्हणून किकला हात लावू नका, चावी फिरवू नका आणि गॅरेजपर्यंत न्यायची झाली तर न्यूट्रलमध्येच ढकला.

धुण्याआधी

गाडी आहे तशी राहू द्या आणि फोटो काढा. नंबरप्लेट दिसली पाहिजे, पाणी कुठवर चढलं होतं ती रेघ दिसली पाहिजे. पंचनाम्याला हे फोटो लागतात. विमा स्वतःच्या नुकसानीचाही असेल तर आधी कंपनीला कळवा, मग पाना उचला. फक्त थर्ड पार्टी विमा असेल तर पुराच्या नुकसानीचं काही मिळत नाही आणि जुन्या गाड्यांना बहुतेक तोच असतो.

हातात रबरी मोजे आणि पायात गमबूट घाला. त्या पाण्यात गटाराचं पाणी मिसळलेलं असतं. हातापायाला जखम असेल तर लेप्टोस्पायरोसिस या तापाचा धोका खरा आहे.

आता बॅटरी काढा. आधी वजा टोक, मग अधिक. लगेच गाडी धुवायला घ्या, कारण आपल्याकडची काळी माती ओली असेपर्यंतच निघते. सुकली की इंजिनवरच्या फिनच्या (पट्ट्यांच्या) फटींत, चेन कव्हरमध्ये आणि ब्रेकच्या ड्रममध्ये विटेसारखी बसते. साधा पाइप आणि जुना ब्रश पुरे. सर्व्हिसिंगचा जोराचा फवारा आज नको, त्याने चिखल बेअरिंगमध्ये आणि वायरिंगच्या जोडांत आणखी आत जातो.

गावभरच्या गाड्या बुडालेल्या असतात, मेकॅनिकचा नंबर आठवड्याने लागतो. तुम्हाला स्वतःलाही घर आवरायचं असतं. तेव्हा बाकी काही जमलं नाही तरी पहिल्या दिवशी एवढं कराच: बॅटरी काढा, इंजिनचं ऑइल खालून काढून टाका आणि स्पार्क प्लग काढून, गाडी प्लगच्या बाजूला कलती करून पाणी निथळू द्या. मग त्याच भोकातून तीन-चार चमचे नवं ऑइल सोडून प्लग हाताने बसवून ठेवा. इंजिनचं खरं नुकसान पाणी ओसरल्यानंतरच्या दिवसांत होतं, कारण ओल्या लोखंडाला हवा लागली की गंज धरतो.

इंजिन

इंजिनखाली घमेलं ठेवा आणि १७ च्या पान्याने ड्रेन बोल्ट सोडा. बोल्ट हाताने शेवटचे आटे फिरवत काढा आणि काय बाहेर येतं ते नीट बघा. पाणी ऑइलपेक्षा जड असल्याने तळाशी बसलेलं असतं. आधी गढूळ पाणी आणि मागून काळं ऑइल वेगवेगळं आलं, तर पाणी शिरल्यावर इंजिन फिरलेलं नाही, हे चांगलं लक्षण. पहिल्यापासून दुधाच्या चहासारखं पांढुरकं ऑइल आलं, तर कुणीतरी किक मारून बघितली आहे. मग पुढच्या धुण्याला एखादी फेरी जास्त धरा.

प्लग काढून किक पायाने न मारता हाताने, हळू दाबा. प्लगच्या भोकासमोर तोंड नेऊ नका, पाणी पिचकारीसारखं उडतं. स्प्लेंडर, सीडी १०० या १०० सीसीच्या हीरो होंडांचं सिलिंडर जवळजवळ आडवं असतं, त्यामुळे पाणी आतच साचून राहतं. गाडी कलती करून दहा-पंधरा वेळा किक हाताने फिरवावी लागते.

किक मुळीच हलत नसेल तर पिस्टनच्या रिंगा लायनरला चिकटल्या आहेत. प्लगच्या भोकातून अर्धं डिझेल, अर्धं ऑइल असं मिश्रण ५० मिली सोडा आणि दोन दिवस हात लावू नका. मग मेन स्टँडवर, वरच्या गिअरमध्ये, मागचं चाक हाताने मागे-पुढे डोलवा. सुईभर हललं तरी पुरे, पुन्हा मिश्रण सोडा आणि एक दिवस थांबा. चार दिवसांतही हललं नाही तर हेड उघडावंच लागेल. ते घरी करायचं काम नाही. सुटलं तर हे मिश्रण भोकातून आणि ऑइलबरोबर पूर्ण बाहेर काढा.

नंतरचं काम इंजिन धुण्याचं. काही ठिकाणी डिझेल भरून इंजिन चालू करतात, ते करू नका. डिझेलचा थर पातळ, त्यावर कॅम आणि बेअरिंग घासली जातात. त्यापेक्षा स्वस्तातलं २०डब्ल्यू४० ऑइल आणा. एका वेळेला एक लिटरपेक्षा थोडं कमी लागतं. स्प्लेंडरमध्ये मापाची काडी नुसती टेकवून पातळी बघायची, आटे फिरवून नाही. पहिली फेरी प्लग काढूनच: ऑइल भरा, हाताने २०-२५ किक मारा, सोडून द्या. दुसऱ्या फेरीत, पुढची सगळी कामं उरकल्यावर, इंजिन पाच मिनिटं मंद चालवा आणि गरम असतानाच ऑइल सोडा. तेही पांढुरकं असेल तर तिसरी फेरी. चौथीची गरज क्वचित पडते. दर वेळी ऑइल भरायच्या झाकणाच्या आतून बोट फिरवा. लोण्यासारखा पिवळट थर लागत असेल तर पाणी अजून आहे.

एवढ्यावर बरेच जण थांबतात, आणि महिन्याभराने इंजिन आवाज करू लागतं. कारण उजव्या बाजूच्या क्लच कव्हरच्या आत असतं. तिथे ऑइलची जाळी आहे आणि क्रँकच्या टोकाला, फिरण्याच्या जोरावर कचरा बाजूला टाकणारा फिल्टर आहे. गाळ तिथे जाऊन बसतो. कव्हर उघडण्याआधी नवं पॅकिंग आणून ठेवा, जुनं फाटतंच. जाळी रॉकेलमध्ये धुवा आणि फिल्टरच्या आतल्या भिंतीला चिकटलेला गाळ लाकडी काडीने खरवडा. लोखंडी स्क्रू ड्रायव्हरने नको. क्लच प्लेटा तिथेच समोर असतात. त्या एकमेकींना चिकटल्या असतील किंवा अस्तर फुगून सुटत असेल तर बदला. ठीक असतील तर पुसून, नव्या ऑइलमध्ये रात्रभर बुडवून बसवा.

आरएक्स १०० असेल तर

टू-स्ट्रोकची गोष्ट वेगळी. १९८५ ते १९९६ या काळातल्या या गाड्या आज जपणारे जपतात, म्हणून थोडं सविस्तर. इथे पाणी कार्बोरेटरमधून थेट क्रँककेसमध्ये जातं आणि तिथे ऑइलचा साठा नसल्याने क्रँकच्या बेअरिंगला लगेच गंज धरतो. प्लग काढून, कार्बोरेटर उतरवून, गाडी कलती करून पाणी काढा. आत ३०-४० मिली टू-टी ऑइल (टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोलबरोबर जळणारं ऑइल) सोडा आणि किक हाताने फिरवत राहा.

सगळ्यात मोठी चूक टू-टी ऑइलच्या टाकीत होते. त्या टाकीत पाणी शिरलं असेल तर ते तळाशी बसतं, आणि ऑइल पंपाची नळी तळातूनच निघते. गाडी चालू होते, सुरळीत चालते आणि मिरज गाठायच्या आत पिस्टन धरतो, म्हणजे जाम होतो, कारण पंप ऑइलच्या जागी पाणी पुरवत होता. ती टाकी पूर्ण रिकामी करा, नळी काढून धुवा, नवं ऑइल भरा आणि पंपाचा हवा काढायचा स्क्रू उघडून बुडबुडे बंद होईपर्यंत ऑइल वाहू द्या. पंप नीट चालल्याची खात्री होईपर्यंत पेट्रोलमध्येही लिटरला २० मिली टू-टी ऑइल मिसळा. धूर होईल, होऊ द्या. गिअरबॉक्सचं ऑइल वेगळं असतं, तेही बदला.

पेट्रोल, कार्बोरेटर, सायलेन्सर

टाकी पूर्ण उतरवून रिकामी करा. थोडं पेट्रोल पारदर्शक बाटलीत घेऊन दहा मिनिटं ठेवा. दोन थर दिसले तर पाणी शिरलं आहे. वरचा थर गाळून वापरायचा मोह होतो, तो टाळा. हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते पाण्याबरोबर खाली जातं आणि वर उरतं ते मूळचं पेट्रोल नसतं. टाकी अर्ध्या लिटर नव्या पेट्रोलने दोनदा खळखळून घ्या आणि पेट्रोल कॉकची जाळी साफ करा. हे काम उघड्यावर करा. देवघरातला दिवा किंवा गॅसची शेगडी जवळ नको.

कार्बोरेटर सोडताना हवेचा स्क्रू आधी पूर्ण आत फिरवा आणि किती फेरे गेले ते लिहून ठेवा, बसवताना तितकेच फेरे बाहेर. नोंद राहिली तर दीडपासून सुरुवात करा. फ्लोटची वाटी उघडली की तळाशी चहाच्या गाळासारखा काळा थर दिसेल. मेन जेट आणि स्लो जेट (पेट्रोल सोडणारे बारीक भोकाचे पितळी तुकडे) काढून उजेडासमोर धरा. भोक गोल आणि स्वच्छ दिसलं पाहिजे. तार किंवा टाचणी घालू नका, पितळ मऊ असतं, भोक मोठं होतं आणि मग गाडी जन्मभर जास्त पेट्रोल पिते. कार्बोरेटर क्लीनरची फवारणी किंवा ब्रशचा नायलॉनचा केस पुरतो.

स्पंजचा एअर फिल्टर आधी रॉकेलमध्ये, मग साबणाच्या पाण्यात धुऊन सुकवा आणि ऑइलचा हात देऊन पिळून बसवा. कागदी असेल तर टाकून द्या. सायलेन्सर उतरवून रात्रभर तोंड खाली करून ठेवा आणि बसवताना बेंडचं (इंजिनपासून निघणाऱ्या वाकड्या नळीचं) नवं पॅकिंग टाका.

वायरिंग

हेडलाइटच्या डोक्यात, सीटखाली आणि वीज तयार करणाऱ्या मॅग्नेटजवळ वायरींचे जोड असतात. प्रत्येक जोड ओढून वेगळा करा. पितळेवर हिरवट बुरशी दिसली तर साध्या पाण्याने धुवा, जुन्या दातांच्या ब्रशने घासा, उन्हात वाळवा आणि कॉन्टॅक्ट क्लीनर मारून जोडा. हेच जोड दोन महिन्यांनी, भर रस्त्यात, लाइट आणि करंट बंद पाडतात, म्हणून इथे कंटाळा नको. मॅग्नेट काही गाड्यांत ऑइलमध्ये असतो, काहींत कोरडा. कोरडा असेल तर कव्हर काढून गाळ पुसा आणि वाळवा. ठिणगी देणारा सीडीआय बंद डब्यात असतो, वाळवल्यावर बहुतेक वेळा चालतो. स्विच मात्र उघडून बघा.

बॅटरी चार्ज करून काही तासांनी मीटर लावा. १२.६ व्होल्टच्या आसपास असेल तर ठेवा, १२ च्या खाली उतरत असेल तर बदला.

चाकं आणि ब्रेक

दोन्ही चाकं खोला. ड्रम आणि ब्रेकचे लायनर १०० नंबरच्या पॉलिश पेपरने घासा, ब्रेकच्या कॅमच्या दांडीला ग्रीस लावा. लायनर २ मिमीपेक्षा पातळ असेल तर नवा. बेअरिंग बोटात फिरवून खरखर लागली तर विचार न करता बदला, त्याच्या कडेवरचा नंबर दुकानात दाखवला की पुरतं. हँडलचा कोनसेट (मानेतलं बेअरिंग) उघडून छर्रे धुवा आणि नवं ग्रीस भरा. पुढच्या शॉकअपचं ऑइलही बदला, दोन्ही पायांत माप अगदी सारखं. चेन रॉकेलने धुऊन ९० नंबरचं गिअर ऑइल द्या आणि मध्यभागी २० ते ३० मिमी ढील ठेवा.

आता किक

नवा प्लग घ्या, फट ०.६ ते ०.७ मिमी. तो बसवण्याआधी भोकावर अंगठा दाबून किक मारा, अंगठा उडाला पाहिजे. कॅपमध्ये प्लग घालून, भोकापासून लांब, इंजिनच्या धातूला टेकवून ठिणगी बघा. निळसर आणि टकटक आवाज करणारी हवी. मग प्लग बसवा, चोक द्या आणि चालू करा.

सुरुवातीला पांढरा धूर येईल, ती सायलेन्सरमधली वाफ, दहा मिनिटांत थांबते. फोर-स्ट्रोकला निळा धूर येत राहिला तर रिंगांचं काम निघालं आहे. ठोक्यासारखा आवाज आला तर त्याच क्षणी बंद करा. सगळं ठीक असेल तर धुण्याचं ऑइल सोडून चांगल्या प्रतीचं ऑइल भरा. ५० किलोमीटरला ते एकदा बदला आणि ५०० ला पुन्हा.

पुढच्या पावसाळ्यात पातळी ३५ फुटांच्या पुढे सरकू लागली की गाडी मिरजेकडच्या उंच भागात नेऊन लावा. नेणं शक्यच नसेल तर टाकी काठोकाठ भरून कॉक बंद करा, सायलेन्सर आणि एअर फिल्टरच्या तोंडाला जाड प्लॅस्टिक रबराच्या पट्टीने घट्ट बांधा, पुढचं चाक खांबाला साखळीने अडकवा आणि बॅटरी माळ्यावर ठेवा.