विंग आणि हार्नेस घेण्यापूर्वी : एका डायव्हरची तयारीची यादी

तारकर्ली, गोव्याचे ग्रँड आयलंड किंवा अंदमानातील स्वराजद्वीप येथे भाड्याच्या, हवा भरता येणाऱ्या जॅकेटवर वीस-पंचवीस स्कुबा डायव्ह झाले की स्वतःचे साहित्य असावे असे वाटू लागते. मास्क आणि फिन्स घेऊन झाल्यावर प्रश्न उरतो तो पाण्यात आपल्याला तोलून धरणाऱ्या उपकरणाचा. ज्यांनी जॅकेटऐवजी बॅकप्लेट, विंग आणि हार्नेस ही जोडणी घ्यायचे ठरवले आहे किंवा जे त्या विचारात आहेत, त्यांच्यासाठी ही यादी आहे. या जोडणीत पाठीवर धातूची एक पाटी असते, पाटी आणि श्वासाच्या हवेचा टँक यांच्यामध्ये हवेची पिशवी म्हणजे विंग बसते आणि सगळे अंगाला धरून ठेवतो तो पाटीच्या खाचांतून ओवलेला पन्नास मिलिमीटर रुंदीचा एकच लांब पट्टा. फ्लोरिडातील पाण्याने भरलेल्या गुहांत उतरणाऱ्या डायव्हरांनी ही पद्धत रुळवली आणि त्यांच्यातील विल्यम होगार्थ मेन यांच्या नावावरून या साध्या, एकसलग हार्नेसला आजही होगार्थियन म्हणतात. तिचा मोठा गुण असा की प्रत्येक भाग वेगळा निवडता येतो आणि वेगळा बदलता येतो. पण त्यामुळेच निवडीची जबाबदारीही पूर्णपणे आपल्यावर येते. म्हणून विंगचा रंग आणि कंपनी पाहण्याआधी काही आकडे हातात असायला हवेत.

पहिली तयारी म्हणजे स्वतःची डायव्हची वही उघडून गेल्या आठ-दहा डायव्हमध्ये कमरेला किती वजन बांधले होते, वेटसूट म्हणजे ऊब देणारा रबरी पोशाख किती जाडीचा होता, टँक कोणता होता आणि पाणी समुद्राचे होते की तलावाचे, हे एका कागदावर उतरवणे. या नोंदी नसतील तर खरेदी पुढच्या सहलीपर्यंत थांबवावी, असे माझे स्पष्ट मत आहे. त्या सहलीत डायव्ह संपताना टँकमध्ये ५० बार दाब उरलेला असताना, वर येतानाच्या सुमारे ५ मीटरवरील सुरक्षा थांब्यावर जॅकेटमधील सगळी हवा काढून टाकावी आणि नेहमीच्या शांत श्वासावर आपण आहोत तिथेच राहतो का, ते पाहावे. खाली जात असलो तर प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली एकेक किलो वजन बडीकडे म्हणजे जोडीदार डायव्हरकडे देत जावे आणि स्थिर झालो की तो आकडा लिहून ठेवावा. भाड्याच्या साहित्यावर शिकलेले बहुतेक जण गरजेपेक्षा दोन-तीन किलो जास्त वजन घेऊन फिरत असतात आणि तीच चूक पुढे मोठ्या विंगच्या रूपाने विकत घेतली जाते. पुण्या-ठाण्याच्या जलतरण तलावात काढलेला आकडा समुद्रात जसाच्या तसा चालत नाही, कारण समुद्राचे पाणी गोड्या पाण्यापेक्षा सुमारे अडीच टक्के जड असते. साहित्यासह शंभर किलो भरणाऱ्या माणसाला समुद्रात सुमारे अडीच किलो वजन अधिक लागते.

दुसरी नोंद टँकची. आपल्याकडील बहुतेक केंद्रांवर ऐंशी घनफुटी ॲल्युमिनियमचा टँक मिळतो. त्याचे आकारमान ११.१ लिटर आणि भरण्याचा दाब २०७ बार असतो. भरलेला टँक पाण्यात जेमतेम पाऊण किलोने बुडतो, पण रिकामा झाला की सुमारे दोन किलोने तरंगू लागतो, कारण त्यातील हवेचेच वजन पावणेतीन किलोच्या आसपास असते. पोलादी टँक रिकामा झाला तरी सहसा तरंगत नाही. त्यामुळे आपण बहुधा कुठे डायव्ह करणार आणि तिथे कोणता टँक मिळणार, हे ठरल्याशिवाय पाटीचा धातू ठरवता येत नाही.

पाटीसाठी प्रामुख्याने दोन पर्याय आहेत. तीन मिलिमीटर जाडीची स्टेनलेस स्टीलची पाटी अडीच ते तीन किलो भरते आणि पाण्यात तिचा भार त्याहून थोडाच कमी पडतो. ॲल्युमिनियमची पाटी किलोच्या आतबाहेर असते आणि पाण्यात तिचा भार अर्ध्या किलोच्या आसपासच राहतो. ॲल्युमिनियमचा टँक आणि तीन मिलिमीटरचा वेटसूट वापरणाऱ्याला मी स्टीलची पाटी सुचवीन, कारण जे शिसे एरवी कमरेला टोचत राहते त्याचा मोठा भाग पाठीवर, फुप्फुसांच्या जवळ सपाट पसरतो आणि शरीर आपोआप आडवे राहू लागते. मात्र ज्याला मुळातच एक-दोन किलो पुरते, जो नुसत्या रॅशगार्डवर म्हणजे पातळ सदऱ्यावर उतरतो किंवा ज्याला पोलादी टँक मिळणार आहे, त्याने स्टीलच्या पाटीचा मोह टाळावा. विंग फाटली तर फिन मारून वर येता आले पाहिजे; काढून टाकता येईल असे वजनच अंगावर नसेल तर ते अवघड होते. विमानाने जाणाऱ्यांनी सामानाच्या मर्यादेचाही विचार करावा. देशांतर्गत प्रवासात बहुधा १५ किलोच मिळतात आणि त्यात तीन किलोची पाटी जड वाटते. पण शिसे प्रत्येक केंद्रावर मिळते, हेही लक्षात ठेवावे. पाठीचा कणा आखूड असलेल्यांनी, विशेषतः कमी उंचीच्या डायव्हरांनी, आखूड पाटी मागून घ्यावी, कारण नेहमीच्या लांबीच्या पाटीची खालची कड त्यांच्या माकडहाडावर घासते.

आता विंगकडे वळावे, आणि इथे हिशेब कागदावरच करावा. समजा एखाद्याला भाड्याच्या जॅकेटमध्ये चार किलो वजन लागत होते. फोम आणि अस्तर असलेले जॅकेट स्वतःच किलोभर तरंगते, तेवढे वजन नव्या जोडणीत वाचले. स्टीलच्या पाटीचा पाण्यातील भार सुमारे सव्वादोन किलो, तोही वजा झाला. आता जेमतेम एक किलो शिसे उरले. डायव्हच्या सुरुवातीला टँकमध्ये ५० बारपेक्षा जास्त असलेली हवा दोन किलोंची असते, म्हणजे तेवढ्याने आपण जड असतो. पृष्ठभागावर दोन किलो उचल देणारा वेटसूट १८ मीटरवर, जिथे एकूण दाब २.८ बार असतो, दबून सव्वा किलोपर्यंत उचल गमावतो. दोन्ही मिळून सव्वातीन किलो झाले, आणि पाण्याखाली विंगला जास्तीत जास्त एवढेच पेलायचे असते. दुसरी कसोटी पृष्ठभागावरची : हार्नेस अंगावरून काढून पाण्यात सोडला तर भरलेला टँक, पाटी, श्वास घेण्याचा रेग्युलेटर आणि त्यावरचे शिसे यांना विंगने एकटीने तरंगत ठेवले पाहिजे. हा भार साधारण पाच किलो होतो. त्यावर लाटा, डोके पाण्यावर ठेवणे आणि अडचणीतील बडीला आधार देणे यांसाठी दुप्पट जागा ठेवली तरी एका टँकला बारा ते चौदा किलो उचलीची विंग पुरेशी आहे. जाड सूट आणि पोलादी टँक असेल तर सोळा-अठरा किलोंपर्यंत जावे लागते. त्याहून मोठ्या विंग दोन टँकांच्या जोडीसाठी बनवलेल्या असतात.

हा हिशेब मी इतक्या आग्रहाने मांडतो, कारण माझी पहिली विंग जुनी, स्वस्तात मिळालेली आणि वीस किलोंहून अधिक उचलीची होती. अरुंद टँकवर तिच्या दोन्ही कडा वर वळून टँकला मिठी मारत, हवा एका कडेच्या घडीत अडकून राही, आणि मालवणच्या गढूळ पाण्यात, जिथे त्या दिवशी चार हातांपलीकडचे दिसत नव्हते, मी सतत उजवीकडे कलंडत होतो. डंप व्हॉल्व्हची म्हणजे हवा सोडण्याच्या झडपेची दोरी ओढली तरी हवा निघत नव्हती, कारण ती व्हॉल्व्हपर्यंत पोचतच नव्हती. १० मीटरपासून वर येताना तीच अडकलेली हवा फुगू लागली आणि मला दोर धरून स्वतःला थांबवावे लागले. पिशवीचा जास्तीचा आकार ही सुरक्षितता नव्हे, हे त्या दिवशी मला नीट उमगले.

आकारात शक्यतो पूर्ण वर्तुळाची, डोनट पद्धतीची विंग घ्यावी. तिच्यात हवा खालूनही एका बाजूकडून दुसरीकडे जाऊ शकते. घोड्याच्या नालेच्या आकाराच्या विंगमध्ये ती फक्त वरून फिरते. विंगच्या कडा लवचिक दोऱ्यांनी आवळलेल्या असतील तर ती घेऊ नये. बाहेरचे कापड जाड नायलॉनचे आणि आतली पिशवी वेगळी, बदलता येण्याजोगी असेल तर कोकणच्या कालवे चिकटलेल्या खडकांजवळ ती अधिक टिकते. विंगमध्ये हवा भरणाऱ्या इन्फ्लेटरची नळी तोंडाने फुंकता येईल इतकी लांब असावी, पण लोंबून खडकाला घासेल इतकी नसावी. आपल्या रेग्युलेटरची हवेची नळी तिच्या जोडाला बसते का, हे दुकानातच प्रत्यक्ष बसवून पाहावे. काही विंगना एक टँक बसवण्यासाठी वेगळा अडॅप्टर लागतो, काहींना तो अंगचाच असतो. ते विचारून घ्यावे. विंग घरी आणल्यावर पूर्ण फुगवून रात्रभर ठेवावी आणि सकाळी ती तितकीच ताठ आहे का, हे हाताने दाबून पाहावे.

हार्नेसला मात्र पूर्ण एक दिवस द्यावा, आणि तो घरच्या जमिनीवर, वेटसूट अंगात घालून द्यावा, कारण टी-शर्टवर बसवलेला हार्नेस सूटवर आवळतो. पाटीची वरची कड मानेच्या खालच्या उठावदार मणक्याच्या पातळीला यावी; हात मागे नेला की बोटांना ती लागली पाहिजे. खांद्यावरून येणारा पट्टा काखेखाली घट्ट नसावा. तळहात आडवा घालून सहज फिरवता येईल इतकी जागा तिथे हवी, कारण याच सैलपणातून डावा हात बाहेर काढून हार्नेस उतरवायचा असतो. जॅकेटची सवय असलेल्यांना हा सैलपणा चुकीचा वाटतो. पण इथे भार खांद्यावर टांगायचा नसतो, पाटी पाठीवर नुसती टेकलेली असते आणि तिला धरून ठेवतात ते कमरेचा पट्टा आणि क्रॉच स्ट्रॅप म्हणजे दोन्ही पायांमधून जाणारा पट्टा. क्रॉच स्ट्रॅप नसेल किंवा लांब राहिला असेल तर सगळी जोडणी मानेकडे सरकते. तो इतका असावा की ताठ उभे राहता यावे आणि वाकल्यावर काचू नये.

छातीवरच्या दोन डी-रिंगची म्हणजे साहित्य अडकवायच्या कड्यांची जागा ठरवताना दोन्ही हात खांद्यांच्या रेषेत समोर करावेत आणि पट्टा जिथे काखेच्या पातळीला येतो तिथे रिंग सरकवून विरुद्ध हाताच्या अंगठ्याने ती न पाहता सापडते का, ते डोळे मिटून तपासावे. मी हे दहा-बारा वेळा केले आणि प्रत्येक वेळी अर्धा-पाऊण सेंटिमीटर सरकवत गेलो. शेवटी अंगठा आपोआप रिंगमध्ये शिरला तेव्हा पट्ट्यावर खडूने खूण केली. डाव्या कमरेची रिंग टँकमधील दाब दाखवणारे प्रेशर गेज अडकवण्यासाठी असते. ती बरगड्यांच्या पुढे येऊ नये, हाडाच्या किंचित मागे राहावी. कमरेचे बकल क्रॉच स्ट्रॅपच्या फासातून पट्टा ओवल्यावर थोडे उजवीकडे असावे, म्हणजे फासाखाली ते दडत नाही आणि चुकून उघडतही नाही. वेगळा वेट बेल्ट बांधणार असाल तर तो क्रॉच स्ट्रॅपच्या बाहेरून बांधावा, अन्यथा गरज पडेल तेव्हा तो खाली पडणारच नाही. पट्टा कापू शकेल असे लहान कटर डाव्या बाजूला, दोन्ही हातांना पोचेल असे ठेवावे.

उरलेले शिसे कुठे ठेवायचे याला थोडाच विचार लागतो : एखादा किलो असेल तर टँक जागेवर आवळून धरणाऱ्या पट्ट्यांपैकी वरच्या कॅम बँडवरील लहान कप्प्यात, त्याहून जास्त असेल तर निदान अर्धे पटकन सोडता येईल अशा ठिकाणी. कॅम बँड घट्ट करण्याआधी पाण्यात भिजवावेत; कोरडे आवळलेले पट्टे भिजल्यावर सैल पडतात आणि टँक घसरतो. सोबत एक जादा बकल, पट्ट्यावरील रिंग जागेवर धरणारे दोन-तीन पट्टारोधक आणि पाटीच्या बोल्टसाठी एक जादा विंगनट ठेवावी.

पहिली चाचणी तलावात घ्यावी, बोटीवर नव्हे. डोळे मिटून इन्फ्लेटर, मागचा डंप व्हॉल्व्ह आणि बकल शोधावे. इन्फ्लेटरचे बटण अडकले असे समजून हवेची नळी एका हाताने जोडातून सोडवून पाहावी. पाण्यावर असताना हार्नेस उतरवून पुन्हा घालावा. पृष्ठभागावर विंग जास्त फुगवली तर ती आपल्याला पुढे तोंडघशी ढकलते. ते टाळण्यासाठी तोंड पाण्याबाहेर राहील एवढीच हवा भरावी आणि खुर्चीत रेलल्यासारखे मागे झुकावे. आडवे असताना हवा सोडायची तर डावा कुल्हा किंचित उंच करून मागचा व्हॉल्व्ह वापरावा. ही सवय लागायला चार-पाच डायव्ह जातात.

समुद्रातील पहिल्या आठ-दहा डायव्हपर्यंत पट्ट्याची लोंबणारी टोके कापू नयेत, ती दुमडून रबरी पट्टीखाली खोचून ठेवावीत, कारण दोन डायव्हनंतर कमरेला अजून बोटभर जागा हवी असे कळते आणि कापलेला पट्टा परत लांब होत नाही. खडूच्या खुणा हलायच्या थांबल्या की बकलमधून चार-पाच बोटे बाहेर राहतील एवढे ठेवून कात्रीने तिरका छेद द्यावा आणि कडेचे धागे मेणबत्तीच्या ज्योतीजवळ नेऊन वितळवून घ्यावेत, म्हणजे ते टोक ओल्या हातांनीही बकलमध्ये पहिल्याच प्रयत्नात शिरते.