अमेरिकेत लॉबिंगवर कोणी किती खर्च केला, ते असे तपासा
दोन्ही पक्ष पैसेवाल्यांच्या मुठीत आहेत, असा संशय अनेक अमेरिकी मतदारांना असतो. तो कागदावर तपासता येतो, कारण लॉबिंगचा, म्हणजे कायदे आणि धोरणं आपल्या बाजूने वळवण्यासाठी केलेल्या प्रयत्नांचा, हिशेब जाहीर करावा लागतो. 1995च्या लॉबिंग प्रकटीकरण कायद्यानुसार लॉबिंग करणाऱ्या कंपन्यांना आणि फर्मना तिमाही संपल्यावर 20 दिवसांत या हिशेबाचा एलडी-2 अहवाल द्यावा लागतो. सिनेटच्या लॉबिंग नोंदींत कंपनीचं नाव आधी 'क्लायंट' (जिच्यासाठी लॉबिंग झालं) आणि मग 'रजिस्ट्रंट' (ज्याने अहवाल दिला) म्हणून शोधा. घोळ इथेच होतो: कंपनीने स्वतः दाखवलेल्या खर्चात बाहेरच्या लॉबिंग फर्मची फी सहसा धरलेलीच असते. कंपनीच्या आणि फर्मच्या आकड्यांची बेरीज केलीत, तर तीच रक्कम दोनदा मोजली जाते. नंतर ज्या विधेयकांवर लॉबिंग झालं, त्यांचे क्रमांक अहवालात पाहा. नेमक्या कोणत्या सिनेटरला गाठलं, हे मात्र अहवालात नसतं. कायद्याची ही फार मोठी उणीव. राजकीय देणग्यांसाठी सहामाही एलडी-203 अहवाल उघडा.