अपहीव्हल वापरताना या चुका टाळा

इंग्रजी-मराठी भाषांतरं तपासायला येतात, तेव्हा 'अपहीव्हल' (upheaval, म्हणजे सगळी घडी मोडणारी उलथापालथ) दिसला की मी आधी मूळ वाक्य काढून बघतो. शब्द काही फार अवघड नाही. पण नवशिक्यांना मोबाइलने दिलेला पहिला अर्थ उचलून पुढे पळायचं असतं.

सगळ्यात वाईट चूक म्हणजे त्याचा 'उठाव' करणं. 'अप' म्हणजे वर, वर म्हणजे उठणं, उठणं म्हणजे उठाव, असा सरळ हिशेब. धरणग्रस्तांच्या पुनर्वसनावरचा एक अहवाल असाच मराठीत छापून आला होता. मूळ वाक्य होतं की, स्थलांतराच्या अपहीव्हलनंतर अनेक घरांतल्या म्हाताऱ्या माणसांनी अंथरूण धरलं. मराठीत झालं 'स्थलांतराच्या उठावानंतर'. वसाहतीतल्या बैठकीत ते वाचून दाखवलं, तर एक आजोबा ताडकन उठले. "उठाव कुनी केला? टरक आला, आमी भांडी भरली न् गेलो!" मग म्हाताऱ्यांच्या आजारपणाचं राहिलं बाजूला, आता केस-बिस होणार का, यावरच तासभर गेला. 'उलथापालथ' लिहिलं असतं तर भागलं असतं.

उठावाला इंग्रजीत 'अपरायझिंग' आहे. १८५७ ला तो शब्द लावा. त्यानंतर १८५८ मध्ये कंपनीचं राज्य जाऊन राणीचं आलं, फौजेची घडी बदलली, त्याला अपहीव्हल म्हणा.

मराठीतून इंग्रजीत जाताना हाच घोळ 'खळबळी'चा होतो. गावात बिबट्या शिरला, खळबळ उडाली, की लगेच 'अपहीव्हल इन व्हिलेज'. अहो, बिबट्या पहाटे परत उसात गेला आणि गाव आहे तिथंच आहे! तिथं 'पॅनिक' पुरतो. भूगर्भशास्त्रात अपहीव्हल म्हणजे जमीनच वर उचलली जाणं. १८१९ च्या भूकंपात कच्छच्या रणात लांबलचक पट्टा असा वर आला, की सिंधूचा एक जुना फाटा अडला. लोक त्याला अल्लाबंद म्हणतात, म्हणजे देवानं घातलेला बांध. बिबट्याची बातमी याच्या शेजारी ठेवून बघा.

माझी पद्धत साधी आहे. काय जागचं हललं, ते वाक्यात शोधतो. सापडलं नाही तर शब्द खोडतो. मुंबईतला १९८२ चा गिरणी संप हा 'स्ट्राइक'च. पुढे गिरण्या बंद पडत गेल्या, गिरणगावातली कुटुंबं कुणी उपनगरात, कुणी गावी गेली, ती अपहीव्हल. मंत्र्यांची खाती बदलली तर 'रीशफल' लिहा. जून २०२२ मध्ये शिवसेना फुटून सरकार गेलं, तिथं 'पोलिटिकल अपहीव्हल' खुशाल वापरा. घर बदलणं, घटस्फोट, घरातलं कुणी जाणं, यांनाही तो चालतो. त्यासाठी राजकारणच लागतं असं नाही.

'टर्मॉइल'शी, म्हणजे अस्थिरता किंवा गोंधळ सांगणाऱ्या शब्दाशी, अदलाबदल करू नका. देश 'इन टर्मॉइल' असतो. 'इन अपहीव्हल' त्यामानाने कमी वापरतात.

'द पार्टी अपहीव्हड' असं क्रियापद कृपा करून वापरू नका.

बोलताना जोर 'ही'वर द्या, आणि स्पेलिंगमध्ये त्या 'ही'साठी 'ई'नंतर 'ए' येतो. दोन 'ई' लिहिलेले अर्ज मी अजून बघतो, तेही भाषांतरकाराच्या नोकरीसाठी आलेले.