पाडव्याच्या आधी निघा: ग्रीन कार्ड, पुण्यातला मुक्काम आणि अमेरिकेचं नागरिकत्व

मुलांनी अमेरिकेचं ग्रीन कार्ड काढून दिलंय, पण जीव अडकलाय कोथरूडमध्ये, अशा आईबाबांसाठी हे लिहितोय. नागरिकत्वासाठीचा माझा अर्ज दोनदा भरला, बायकोचा एकदा, आणि सोसायटीतल्या पाच-सहा जणांच्या शेजारी बसून त्यांचेही भरून घेतले. एन-४०० हा त्याचा फॉर्म ऑनलाइन भरता येतो, त्यात कठीण काही नाही. कार्ड मिळून तिथल्या सलग वास्तव्याची ५ वर्षं व्हावी लागतात. ती पुरी होण्याच्या ९० दिवस आधी अर्ज चालतो.

आधी एक वही करा. ५ वर्षांतला प्रत्येक प्रवास, निघाल्याची आणि परतल्याची तारीख. अमेरिकेतून निघताना पासपोर्टवर शिक्का बसत नाही. आपल्याकडे असतो तो मुंबईला उतरल्याचा, म्हणजे एखाद-दोन दिवस पुढचा. मी पहिल्यांदा भिंग घेऊन शिक्के वाचत बसलो आणि निघाल्याच्या सगळ्या तारखा चुकवल्या. तिकिटांच्या जुन्या ईमेल काढा.

आता खरी मेख. आपली सवय काय, गणपतीला यायचं आणि पाडवा करून जायचं. २०२४ ची गणेश चतुर्थी ७ सप्टेंबरला होती, पुढचा पाडवा ३० मार्चला. मोजा: २०४ दिवस. धुळवडीला निघालात तरी १८८. एकाच फेरीत सहा महिन्यांच्या, म्हणजे १८० दिवसांच्या वर बाहेर राहिलात की तुमचं तिथलं सलग वास्तव्य तुटलं असं धरूनच चालतात. तुटलं नाही हे तुम्ही सिद्ध करायचं. महाशिवरात्रीचा उपास सोडून विमानात बसलात तर १७२. मी सगळ्यांना हेच सांगतो: महाशिवरात्र ही शेवटची तारीख.

माझा पहिला अर्ज इथेच बुडाला. सोसायटीचं रिडेव्हलपमेंट चालू होतं, आज ही सही, उद्या ती. गुढी उतरवूनच निघालो. मुलाखतीत विचारलं, या काळात तुमचं अमेरिकेत काय चालू होतं? घर मुलाच्या नावावर, खोलीत आता नातवाचा कॉट, भाड्याची एक पावती नाही. त्यात कुणाच्या तरी सल्ल्यानं त्या वर्षीचं टॅक्स रिटर्न नॉन-रेसिडेंट म्हणून भरलेलं. हे तर कधीच करू नका. मी इथला नाही असं आपणच लिहून दिल्यासारखं होतं. तिथली नोकरी चालू असणं, जोडीदार तिथे असणं, घर ताब्यात असणं, भारतात नोकरी न धरणं, असले पुरावे लागतात. मी दाखवणार काय? फी गेली, आणि परतल्याच्या तारखेपासून साडेचार वर्षं थांबलो. वर्षभर किंवा जास्त बाहेर राहिलात तर आमच्यासारख्यांचं कुठलंच स्पष्टीकरण चालत नाही.

‘री-एंट्री परमिट काढा आणि दोन वर्षं निवांत राहा’ म्हणणारे कट्ट्यावर भेटतील. त्या परमिटनं परत जायची सोय होते, सलग वास्तव्य वाचत नाही. दुसरे म्हणतात, मधे आठवडाभर जाऊन या, १८० दिवसांचं घड्याळ शून्यावर येतं. त्यांनी बेरीज केलेली नसते. ५ वर्षांत ३० महिने, म्हणजे ९१३ दिवस, प्रत्यक्ष अमेरिकेत काढावे लागतात. दरवर्षी १७२ दिवस पुण्यात म्हणजे ८६०. ५ वर्षांचे १८२६ धरले तर तिथले उरले ९६६. हाताशी शिल्लक ५३ दिवस, त्यात पुतणीचं लग्न आणि एखादं मोतीबिंदूचं ऑपरेशन. जायचा आणि यायचा दिवस अमेरिकेतच धरतात, तेवढाच दिलासा. आणि ९० दिवस आधी अर्ज करायचा असला तरी ९१३ चा आकडा अर्जाच्या दिवशी पुरा हवा.

अर्ज टाकला म्हणून लगेच लांब मुक्कामाला येऊ नका. शपथ होईपर्यंत वास्तव्य बघतात.

शपथेनंतर भारतीय पासपोर्ट सरेंडर करा, मग ओसीआय, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणारं कार्ड, काढा. कागद जास्त, डोकं कमी. त्यावर मुक्कामाची मर्यादा नाही; पाडवा काय, पालखी बघून जा.