तुमच्या गावची मराठी मॉझिलाला कशी द्यायची

मॉझिला म्हटलं की लोकांना फायरफॉक्स हा ब्राउझर आठवतो आणि विषय तिथेच संपतो. पण फायरफॉक्सच्या मागे मॉझिला फाउंडेशन ही ना-नफा संस्था उभी आहे, आणि तिच्या कामात तालुक्याच्या गावात बसून, नुसता मोबाइल हातात घेऊन भाग घेता येतो. मी अकोटला संगणकाचा वर्ग चालवते. माझ्याकडे शिकायला येणारी पोरं, त्यांच्या आया, आणि आता काही आज्यासुद्धा या कामाला लागल्या आहेत. वर्गात सगळ्यांना तोंडी जे सांगते, ते इथे नीट लिहून काढते.

आधी थोडं संस्थेबद्दल. ३१ मार्च १९९८ रोजी नेटस्केप कंपनीने आपल्या ब्राउझरचा सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रामचा मूळ मजकूर, सगळ्यांसाठी खुला केला. मॉझिलाचा उगम तो. २००३मध्ये फाउंडेशन स्थापन झालं. इंटरनेट हे साऱ्या जगाचं सार्वजनिक साधन आहे आणि ते खुलं, सगळ्यांना वापरता येईल असंच राहिलं पाहिजे, असं त्यांचा जाहीरनामा म्हणतो. या ‘सगळ्यांना’मध्ये माझ्या वर्गातल्या बाया येतात का, हा माझा प्रश्न आहे. त्यातल्या कित्येकींना टाइप करणं जमत नाही, त्या फोनशी बोलतात. आणि ‘मले सांगजो’ म्हटलं की फोन भलतंच काही उमटवतो. २०११च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे ८ कोटी ३० लाख लोक होते. ते सगळे काही बातम्या वाचणाऱ्या निवेदकासारखं बोलत नाहीत.

यंत्राला बोलणं कळायचं तर त्याला आधी खूप माणसांचं बोलणं, सोबत त्याचा लिहिलेला मजकूर जोडून, द्यावं लागतं. असा साठा मोठ्या कंपन्यांकडे असतो, पण तो त्यांच्या कुलपात. मॉझिलाने २०१७मध्ये ‘कॉमन व्हॉइस’ सुरू केलं ते यासाठीच: लोकांनी आवाज द्यायचा, लोकांनीच तपासायचा, आणि तयार झालेला साठा कुणालाही फुकट वापरता यायचा. अमरावतीच्या एखाद्या इंजिनिअरिंग कॉलेजातल्या मुलीला वऱ्हाडी समजणारं शेतीचं ॲप करायचं असेल, तर तिला कुणाच्या दारात जावं लागू नये. मराठी या यादीत आहे. आपण तिथे भर घालायची आहे.

शोधयंत्रात ‘मॉझिला कॉमन व्हॉइस’ असं शोधा, पान उघडा, भाषांच्या यादीतून मराठी निवडा. बोलण्याचा, ऐकण्याचा आणि वाक्यं लिहिण्याचा असे वेगवेगळे विभाग दिसतील. खातं न उघडताही काम करता येतं, पण मी म्हणेन उघडाच. खात्यात वय, लिंग आणि बोलण्याची ढब नोंदवता येते. नाव साठ्यात जात नाही, पण क्लिपसोबत, म्हणजे तुमच्या रेकॉर्ड झालेल्या वाक्यासोबत, ही माहिती साठ्यात जाते, आणि कुठल्या भागाचे, कुठल्या वयाचे आवाज कमी आहेत ते अभ्यास करणाऱ्याला त्यावरूनच समजतं. ढबेच्या रकान्यात संकोच न करता लिहा: वऱ्हाडी, कोल्हापूरकडची, मालवणी वळणाची, जे असेल ते. तो रकाना रिकामा सोडून पुढे गेलात तर या कामातला अर्धा जीव गेला.

बोलताना पाच-पाच वाक्यं समोर येतात. वाक्य आधी मनात वाचा, मग बटण दाबा, नेहमीच्या आवाजात वाचा, थांबा. बटण दाबल्यावर क्षणभर थांबून सुरुवात करावी आणि शेवटचा शब्द पूर्ण झाल्यावरच बंद करावं. पहिलं किंवा शेवटचं अक्षर तुटलेल्या क्लिपा बाद होतात. पंखा बंद केला तर बरं, पण घर अगदी चिडीचूप हवं असं नाही. मागून गाडी गेली आणि तुमचं बोलणं स्पष्ट असेल तर चालतं. मागे दुसरं कुणी बोलत असेल आणि त्याचे शब्द कळत असतील तर मात्र चालत नाही. म्हणून टीव्ही बंदच ठेवा. एखादं वाक्य अवघड, चुकीचं किंवा कुणाचा अपमान करणारं वाटलं तर ते सोडून देता येतं, त्याची तक्रारही नोंदवता येते.

शुद्ध बोलण्याचा प्रयत्न करू नका. हे मला सगळ्यात जास्त वेळा सांगावं लागतं. माइक समोर आला की आमच्याकडच्या बायका शाळेतल्या बाईंचा आवाज काढतात. समोर ‘पाणी’ लिहिलेलं असेल आणि तुमच्या घरी ‘पानी’ म्हणत असतील, तर तसंच वाचा. शब्द बदलायचा नाही, आवाज मात्र आपलाच ठेवायचा.

आता ऐकण्याबद्दल, कारण या कामात सगळ्यात मोलाचं तेच आणि नेमकं त्यालाच माणसं कमी मिळतात. बोलायला सगळ्यांना आवडतं. पण दोन जणांनी ऐकून ‘बरोबर आहे’ म्हटल्याशिवाय क्लिप तपासलेल्या साठ्यात जात नाही. एकाने हो आणि एकाने नाही म्हटलं तर तिसऱ्याची वाट पाहावी लागते. म्हणून दहा मिनिटं मिळाली तर मी ऐकण्यात घालवते. इअरफोन लावा, फोनच्या स्पीकरवर शेवटची अक्षरं निसटतात.

काय मान्य करायचं याचा नियम असा: जे लिहिलंय तेच वाचलंय का? मराठीत इथे एक खास अडचण येते. वाक्यात ‘जायचे आहे’ लिहिलेलं असतं आणि माणूस सवयीने ‘जायचंय’ म्हणून जातो. ऐकायला छान वाटतं, तरी ‘नाही’ म्हणा. यंत्राला अक्षर आणि आवाज यांची जोडी शिकायची आहे, आणि ही जोडी जुळत नाही. ‘जायचे’च्या जागी ‘जायचं’ वाचलं तरी मी नाकारते. काहींना हे कडक वाटतं. मला वाटतं, यावर उपाय वाक्यं लिहिताना करायचा, तो पुढे सांगते. ढबेच्या बाबतीत मात्र हात सैल सोडा. ण-न, ळ-ल इकडचे तिकडे झाले, हेल वेगळा आला, आवाज थरथरला, मधे श्वास लागला, तरी शब्द तोच असेल तर ‘हो’. पुण्याच्या कुणी ऐकताना वऱ्हाडी उच्चार चूक समजून नाकारला, किंवा आमच्याकडच्या कुणी कोकणी हेल नाकारला, तर साठा पुन्हा एकाच छापाचा होईल. च, ज आणि झ यांचे दोन-दोन उच्चार आहेत, तेवढे कान देऊन ऐका: ‘जग’ म्हणजे दुनिया की पाण्याचं भांडं, हे वाक्यावरून ठरतं, आणि वाचणाऱ्याने उलटं वाचलं असेल तर ती क्लिप नको.

वाक्यं लिहिण्याचा विभाग हा खरं तर मराठीच्या शिक्षकांनी हातात घ्यायला हवा. वाक्य पंधरा शब्दांच्या आत ठेवा, एका दमात वाचता येईल असं. आकडे अंकांत लिहू नका. ५३ लिहिलं तर कुणी त्रेपन्न वाचेल; २०१९मध्ये बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात जोडाक्षरं टाळून संख्या वाचायची पद्धत आणली, तेव्हापासून कुणी ‘पन्नास तीन’ही वाचेल. ‘ता.’, ‘जि. प.’, ‘रु.’ अशी संक्षिप्त रूपंही नकोत. आणि बोलतो तसं अनुस्वार देऊन लिहा: ‘मला दवाखान्यात जायचं आहे.’ वाचणारा अडखळत नाही आणि ऐकणाऱ्याला नाकारावं लागत नाही.

वाक्यं आणायची कुठून? वर्तमानपत्रातून, कुणाच्या पोस्टमधून उचलायची नाहीत. हा साठा सीसी झिरो परवान्याखाली जातो, म्हणजे त्यावर कुणाचाच हक्क उरत नाही. दुसऱ्याच्या मालकीचं आपण असं देऊन टाकू शकत नाही. विकिपीडियाचा परवानाही वेगळा आहे, त्यामुळे तिथूनही सरसकट घेऊ नका. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी लेखन मुक्त होतं. साने गुरुजी १९५०मध्ये गेले, त्यामुळे त्यांनी लिहिलेलं २०११पासून मोकळं आहे. पण जुन्या गद्यातून किती घ्यायचं याला मर्यादा ठेवा, आजचं माणूस तसं बोलत नाही. सगळ्यात चांगलं म्हणजे आपलं आपण लिहावं. माझ्या वर्गातल्या बायांनी लिहिलेली ही काही: ‘यंदा कपाशीवर बोंडअळी फार आली.’ ‘परतवाड्याची शेवटची गाडी किती वाजता सुटते?’ ‘बाळाला रात्रीपासून ताप आहे.’ ‘डवरणीला उद्या बैल मिळतील का?’ मूर्तिजापूर, दर्यापूर, तेल्हारा ही नावं यंत्राने कधी ऐकलीच नाहीत तर तिथल्या माणसाला उत्तर काय देणार?

एकट्याने हजारो वाक्यं वाचण्यापेक्षा नवी माणसं आणा. यंत्राला शिकवण्यासाठी वापरलेले आवाज आणि त्याची परीक्षा घेण्यासाठी वापरलेले आवाज वेगळ्या माणसांचे ठेवावे लागतात. एकाच्याच क्लिपांचा ढीग तिथे कामी येत नाही. आम्ही २७ फेब्रुवारीला, मराठी भाषा गौरव दिनी, वर्गातच बैठक घेतो. भाषणांऐवजी फोन घेऊन बसतो. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हाही पोरींनी आपणहून हेच केलं. ग्रंथालय, राष्ट्रीय सेवा योजनेचं शिबिर, बचत गटाची सभा, कुठेही जमतं. एका फोनवरून सगळ्यांनी बोलायचं असेल तर तुमच्या खात्यातून बाहेर पडा. नाहीतर सत्तरीच्या आजीचा आवाज तुमच्या वयाच्या नावाने नोंदला जाईल.

वाचता न येणाऱ्या आज्यांसाठी आमची युक्ती अशी: वाक्य आधी आपण म्हणायचं, त्यांनी एकदा मनात घोळवायचं, मग बटण दाबून आपण गप्प राहायचं आणि त्यांनी म्हणायचं. छोटी वाक्यं तेवढी घ्यायची. वेळ लागतो. पण हे आवाज दुसऱ्या कुठल्या साठ्यात मिळायचे नाहीत.

कुणालाही बसवण्याआधी एक गोष्ट स्पष्ट सांगा आणि त्यांचं ‘हो’ ऐका. दिलेला आवाज सगळ्या जगाला मोकळा होतो. साठा उतरवून घेणाऱ्याने बोलणाऱ्याची ओळख शोधायची नाही अशी अट आहे, पण क्लिप एकदा लोकांनी उतरवून घेतली की ती प्रत्येकाकडून परत आणता येत नाही, आणि तिचा उपयोग व्यापारी कंपनीसुद्धा करू शकते. ज्याला हे नको असेल त्याने आवाज देऊ नये. त्याने वाक्यं लिहावीत, क्लिपा तपासाव्यात. एकोणीस वर्षांखालच्या मुलामुलींनी पालकांच्या संमतीने, पालक समोर असतानाच बोलावं. शाळेत कार्यक्रम घेणाऱ्यांनी हे आधी बघावं.

ज्यांना भाषेची आवड आहे पण बोलायचं नाही, त्यांच्यासाठी पाँटून हे मॉझिलाचं भाषांतराचं संकेतस्थळ आहे. फायरफॉक्सचा मराठी मजकूर स्वयंसेवक तिथे तयार करतात. खातं उघडा, मराठीचा गट निवडा, आणि भाषांतर नसलेल्या ओळींपासून सुरुवात करा. महिरपी कंसात जे असतं ते तसंच ठेवा, त्या जागी पुढे आकडा किंवा नाव येतं. एकच शब्द आधी कसा वापरलाय ते बाजूला दिसतं, त्याच्याशी मेळ ठेवा. तुम्ही लिहिलेलं सुरुवातीला सूचना म्हणून राहतं आणि जुन्या स्वयंसेवकाने मान्य केल्यावर लागू होतं. त्यामुळे पहिल्या बैठकीत शंभर ओळी लिहू नका. दहा-बारा लिहा, काय मान्य झालं ते पाहा, मग पुढे जा.

आणि हेही नसेल जमत तर फायरफॉक्स मराठीत लावून रोज वापरा. फॉर्म भरताना एखादं संकेतस्थळ त्यात नीट चाललं नाही, की मेनूमधून बिघडलेल्या संकेतस्थळाची तक्रार पाठवा. काय करत होता, काय झालं, हे दोन ओळींत लिहा. परीक्षेच्या, शिष्यवृत्तीच्या, सातबाऱ्याच्या कामात अडकलेला माणूस दुसरा ब्राउझर घेऊन मोकळा होतो आणि तक्रार कुणीच करत नाही. ती तुम्ही करा, तेवढ्याला दोन मिनिटं पुरतात.