फ्लॅटचा ताबा घेण्याआधी वायरिंग कसं तपासावं

मल्टीमीटर, टेस्टर, होल्डरला दोन तारा जोडलेला टेस्ट लॅम्प आणि एक इस्त्री, एवढं बरोबर असू द्या. बोर्ड उघडायची सवय नसेल तर परवानाधारक वायरमन सोबत न्या.

आधी डीबी, म्हणजे घरातल्या सगळ्या सर्किटचे स्विच असलेला मुख्य बोर्ड, उघडा. लाइटच्या सर्किटला 6 किंवा 10 अँपिअरचा एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप पडणारा स्विच) हवा. गिझर आणि एसीला स्वतंत्र. दीड चौरस मिलिमीटरच्या तारेवर 32 चा एमसीबी दिसला तर तिथेच हरकत लिहा. तार जळेल आणि एमसीबी मख्ख बसेल. आरसीसीबीवर, म्हणजे करंट गळायला लागला की पडणाऱ्या स्विचवर, 30 मिलिअँपिअर छापलेलं हवं.

मग सॉकेट. समोरून पाहताना अर्थचं जाड भोक वर, फेज (करंट आणणारी तार) उजवीकडे. दोन हजार वॅटचा गिझर जवळजवळ 9 अँपिअर ओढतो, त्याला 16 चंच सॉकेट.

स्विच फेजवर आहे का पाहायला स्विच बंद करून होल्डरमध्ये टेस्टर लावा. पेटला तर स्विच न्यूट्रलवर (करंट परत नेणाऱ्या तारेवर) टाकलाय. जिन्याचे टू-वे दोन्ही टोकांनी चालवून बघा. बाथरूमचे स्विच बाहेर.

आता अर्थिंग, म्हणजे गळका करंट जमिनीत नेणारी तार. इथे घाई करू नका.

'आरसीसीबीचं टी (टेस्ट) बटण दाबलं, पडला, म्हणजे अर्थिंग ओके' हे मी अजून दर महिन्याला ऐकतो. साफ चूक. टी बटण फक्त आरसीसीबी जिवंत आहे का एवढंच सांगतं. घरात अर्थची तार अजिबात नसली तरी तो पडतो. सॉकेटमध्ये खोचायचा तीन दिव्यांचा तो टेस्टर प्लगही तसाच फसवा. मी स्वतः सुरुवातीच्या दिवसांत त्याच्या भरवशावर एक फ्लॅट पास केला होता. दोन महिन्यांनी मालकीणबाईंचा फोन आला, वॉशिंग मशीनला हात लावला की झिणझिण्या येतात. जाऊन सॉकेट उघडलं, तर आत बोटभर हिरवी तार, न्यूट्रलच्या स्क्रूपासून अर्थच्या स्क्रूपर्यंत. मागे अर्थ आलेलीच नव्हती. अशा जोडणीत न्यूट्रल कुठे सुटला, तर यंत्राचा अख्खा पत्रा 230 व्होल्टवर बसतो.

म्हणून मी असं करतो. टी बटण दाबून आरसीसीबी चालतो याची खात्री करायची. घरातले सगळे प्लग काढायचे. गिझरला, नळाला कुणी हात लावायचा नाही, कारण अर्थ तुटलेली असेल तर पुढच्या परीक्षेत फेज बल्बमधून अर्थच्या तारेवर चढतो. मग टेस्ट लॅम्प फेज आणि अर्थमध्ये. बल्ब 15 वॅटचा, जुना तारेचा, ज्याला आपण झिरोचा म्हणतो. एलईडी चालणार नाही. हा 15 वॅटचा बल्ब साधारण 65 मिलिअँपिअर घेतो, म्हणजे 30 चा आरसीसीबी तत्काळ पडलाच पाहिजे.

पडला तर करंटला अर्थची वाट आहे. तिचा रोध मोजायचं काम अर्थ टेस्टरचं, ते वायरमनकडून करून घ्या. बल्बही नाही आणि आरसीसीबीही पडला नाही, तर अर्थ आलेली नाही. बल्ब शांतपणे जळत राहिला आणि आरसीसीबी ढिम्म, तर एक तर ते सॉकेट आरसीसीबीच्या बाहेरून घेतलंय, नाहीतर आत ती बोटभर तार आहे. आरसीसीबी खाली पाडा आणि आधी फेज-न्यूट्रलमध्ये व्होल्टेज बघा. अजून 230 दाखवलं तर सॉकेट बाहेरचं. पुढे जाऊ नका. शून्य असेल तर मीटर कंटिन्युइटीवर ठेवून न्यूट्रल आणि अर्थ तपासा. बीप वाजली की सॉकेट उघडायचं.

आरसीसीबीच नसेल अशा जुन्या घरात इस्त्री कामाला येते. शेजारच्या सॉकेटवर ती तापत ठेवा आणि इकडे न्यूट्रल-अर्थ व्होल्टेज बघा. थोडंफार, एखाद-दुसरा व्होल्ट दिसायला हवा. नेमका शून्य आला की मला त्या बोटभर तारेचा संशय येतो. फेज-अर्थमध्ये 230 ऐवजी ऐंशी-शंभर असं काहीतरी तरंगणारं दिसलं, तर अर्थची तार कुठेतरी लटकतेय.

हे प्रत्येक सॉकेटला करायचं, फ्रिजच्या मागच्यालासुद्धा. अहवालात 'अर्थिंग ठीक' असं मोघम लिहू नका. खोली, सॉकेट, तीन व्होल्टेज (फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ, न्यूट्रल-अर्थ) आणि आरसीसीबी पडला की नाही, एवढं लिहा. बिल्डरचा माणूस 'करून देतो' म्हणाला तर दुरुस्तीनंतर पुन्हा जाऊन तोच बल्ब लावा.