एकाच प्रोसेसमध्ये अनेक क्लायंट सांभाळणारा सर्व्हर कसा लिहावा

जूनमध्ये पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात शाळेची पुस्तकं घ्यायला गेलात, तर काउंटरवरच्या माणसाकडे नीट बघा. यादी घेतो, वरच्या माळ्यावर 'आठवी सेमी, पूर्ण सेट!' अशी हाक देतो आणि लगेच पुढच्याची यादी हातात घेतो. वरून गठ्ठा आला की ज्याचा त्याला. कुणा एकाच्या पुस्तकांसाठी तो खोळंबत नाही, म्हणून एकटा वीसजणांना पुरतो. एका प्रोसेसचा, म्हणजे एकाच चालू प्रोग्रामचा, सर्व्हर असाच चालतो. पायथॉन येत असेल तर एका संध्याकाळी तो लिहून होतो.

आधी मुद्दाम साधा, अडून बसणारा सर्व्हर लिहा. सॉकेट (जोडणीचं प्रोग्राममधलं टोक) उघडा, ८००० पोर्टवर बाइंड करा, लिसन करा, मग ॲक्सेप्ट, म्हणजे आलेली जोडणी स्वीकारा. क्लायंट जाईपर्यंत त्याच्याकडून येईल ते रिसीव्ह करून तसंच परत पाठवा; तो गेला की पुढचा. आता दोन टर्मिनलमधून नेटकॅटने (टाइप केलेलं सर्व्हरला पाठवणारी छोटी कमांड) जोडून बघा. पहिल्यात 'नमस्कार' लिहिलं की परत येतं. दुसऱ्यात लिहा, काहीच येत नाही. मग पहिलं कंट्रोल-सी दाबून बंद करा. त्याच क्षणी दुसऱ्याचं उत्तर उमटतं! म्हणजे दुसरी जोडणी झाली होती, अक्षरंही पोचली होती. कर्नलने, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याने, ती जपून ठेवली होती. फक्त तुमचा प्रोग्राम पहिल्याच्या रिसीव्हपाशी अडकला होता. हे डोळ्यांनी बघितलं की पुढचं सगळं सोपं जातं, म्हणून ही पायरी गाळू नका.

प्रत्येक क्लायंटला वेगळा थ्रेड (त्याच प्रोसेसमध्ये स्वतंत्रपणे चालणारा कामाचा धागा) देता येतो आणि थोड्या गर्दीला ते पुरतंही. पण हजारो जोडण्या नुसत्या उघड्या राहणार असतील, तर तितके थ्रेड पोसणं महाग पडतं. एका मशिनवर दहा हजार क्लायंट कसे सांभाळायचे, हा प्रश्न डॅन केगेल यांनी १९९९ मध्ये मांडला होता.

आता सगळी सॉकेट नॉन-ब्लॉकिंग करा. डेटा नसेल तर रिसीव्ह थांबण्याऐवजी एरर देऊन परत येईल. पण म्हणून प्रत्येकाला 'आलं का, आलं का' विचारत फिरू नका, सीपीयू उगाच तापेल. पायथॉनचं सिलेक्टर्स मॉड्यूल घ्या आणि सगळी सॉकेट त्याच्याकडे नोंदवा. कोणतं सॉकेट तयार आहे हे सांगणारी ऑपरेटिंग सिस्टिमची सोय ते आतून वापरतं: लिनक्सवर ईपोल, मॅकवर केक्यू. लूपमध्ये सिलेक्टला विचारायचं, 'कोण तयार आहे?' यादीत ऐकणारं सॉकेट असेल तर ॲक्सेप्ट करून नवा क्लायंट नोंदवा. बाकीच्यांचं रिसीव्ह करा. कुणीच तयार नसेल तेव्हा प्रोसेस झोपलेली असते.

खरी मेहनत इथून पुढे आहे. टीसीपीत, म्हणजे या जोडण्या ज्या नियमांनी चालतात त्यात, मजकूर सलग वाहतो, एक विनंती दोन तुकड्यांत येऊ शकते. म्हणून प्रत्येक क्लायंटचं अर्धवट आलेलं डिक्शनरीत साठवा आणि ओळ पूर्ण झाली की मगच उत्तर द्या. पाठवतानाही तेच. सेंड किती बाइट गेले ते सांगतं. उरलेले राखून ठेवा आणि ते सॉकेट लिहिण्यासाठीही नोंदवा. उरलेलं संपलं की ती नोंद काढा, नाहीतर लूप रिकामाच फिरत राहील. क्लायंट गेला, म्हणजे रिसीव्हमधून रिकामं हाती आलं, की नोंद पुसून सॉकेट बंद करा.

शेवटी एका उत्तराआधी पाच सेकंदांचा स्लीप टाकून बघा. सगळेच क्लायंट थिजतात. एका प्रकल्पात आम्ही पावतीची पीडीएफ लूपमध्येच बनवत होतो, आणि एकाच्या पावतीसाठी सगळ्यांची स्क्रीन अडायची. असं जड काम वेगळ्या प्रोसेसकडे द्या, म्हणजे माळ्यावर पाठवा, आणि निकाल आला की लूपने तो पोचवावा.

गर्दी वाढवून बघायची असेल तर टर्मिनलमध्ये यूलिमिट-एन ही कमांड देऊन एका प्रोसेसला किती फाइल आणि सॉकेट उघडी ठेवता येतात ते तपासा. लिनक्सवर बहुधा १०२४ दिसेल, आणि प्रत्येक जोडणी त्यातली एक जागा खाते.